म्हाताऱ्या उंदरांबद्दल कोणी विचारलं नाही

१२ जानेवारी

ताई,

तुझी तब्येत, भावोजींची बोटं, सगळं शेवटी विचारते. आधी माझा राग ऐकून घे. फोनवर सांगितलं असतं, पण मी चिडले की तू तिकडे "हं, हं" करत भाजी चिरत बसतेस आणि ते मला इकडे ऐकू येतं. पत्र तरी तू चष्मा लावून, एका जागी बसून वाचतेस.

आमच्या संस्थेने माझा सत्कार ठरवलाय. मानपत्र, पुष्पगुच्छ, संचालकांचं लांबलचक भाषण, सगळा सरंजाम. कशासाठी, तर माझ्या एका शोधनिबंधासाठी. आणि तो निबंध कोणीही वाचलेला नाही. हे मी उगीच नम्रपणाने म्हणत नाहीये. नम्रपणाशी माझं कधी जमलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार!

आमच्या धंद्यात माणसाचं वजन हवाल्यांवर ठरतं. दुसऱ्याने आपल्या निबंधात "अमुक गोष्ट अमक्यांनी दाखवली आहे" असं लिहून तुझं नाव टाकलं, की तुझ्या खात्यावर एक हवाला जमा. माझ्या ह्या एका निबंधाला हजारावर हवाले आहेत. म्हातारपणी शरीराची रोगाशी लढायची ताकद कशी ढेपाळते, ह्याच्यावर मी पुढे इतकी वर्षं घासली, त्या निबंधांकडे मात्र कुत्रं फिरकत नाही.

आता त्या निबंधात काय आहे ते ऐक. सांध्यांची सूज उतरवणारं एक प्रथिन आम्हाला सापडलं. तरुण उंदरांना दिलं, पंजांची सूज उतरली, उंदीर मजेत. इथे बाकीचे लोक थांबतात, कारण म्हातारे उंदीर कुठे विकत मिळत नाहीत, ते पाळून म्हातारे करावे लागतात. तेवढा धीर कोणाकडे नसतो. मी पाळले. माझ्या मदतनीस मुलीने आणि मी त्यांचे पिंजरे दोन वर्षं धुतले. मग त्यांना तेच प्रथिन दिलं. त्यांचीही सूज उतरली. आणि काही आठवड्यांत एरवी शिंकेवर निभावलं असतं अशा साध्या जंतूंनी फुप्फुसं भरून ते मेले. म्हातारपणी अंगात जी काही थोडी लढाऊ ताकद शिल्लक असते, तीच आम्ही सुजेबरोबर विझवली होती. निबंधाचा वरचा अर्धा भाग तरुण उंदरांचा, खालचा अर्धा म्हाताऱ्यांचा. खरा शोध खालचा.

आमच्या क्षेत्रात एक थोर गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही पाठीमागे "बृहस्पती" म्हणतो. त्यांनी एका मोठ्या आढाव्यात एक ओळ लिहिली: "हे प्रथिन सूज सुरक्षितपणे उतरवते." आणि पुढे माझं नाव. सुरक्षितपणे! त्यावर कहर म्हणजे माझ्या निबंधाचा पानक्रमांकच चुकवला. त्यांनी दिलेलं पान उघडलं, तर तिथे माशांच्या कल्ल्यांना लागणाऱ्या बुरशीवर कोणीतरी लिहिलंय. परवा मी बसून पुढच्या लोकांचे हवाले तपासले. जो तो माझ्या नावापुढे तोच चुकीचा पानक्रमांक देतो! एकाने जरी ते पान उघडलं असतं तरी समोर मासे आले असते. म्हणजे हे सगळे विद्वान एकमेकांच्या पाठीवर लिहिलेलं उतरवून घेतात आणि खाली माझं नाव ठोकतात.

संचालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हवाला कशासाठी दिलाय हे कोण बघतं? आकडा बघतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, भावोजींची बोटं कशी आहेत?

तुझी,
मिरची


२५ जानेवारी

चि. मिरची,

पुष्कळ आशीर्वाद, आणि अभिनंदनही. तू नको म्हटलंस तरी करणार.

भाजी चिरण्याबद्दल बोलायचं तर तुझा राग एक जुडी निवडून होईपर्यंत टिकतो, हा माझा अनुभव आहे. अगं, लोक नाव घ्यायला लागले की माणूस खूश होतो. तू एकटीच अशी, की टाळ्या वाजल्या तरी कोणाचा हात उलटा पडला ते बघत बसतेस. शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा बाईंनी प्रस्तावनेत चुकीचं सांगितलं म्हणून स्टेजवरच भांडली होतीस. बाबांनी मिरची नाव ठेवलं ते उगीच नाही. निमूटपणे जा, चांगले कपडे घाल, मानपत्र घे आणि फोटो पाठव.

आता माझी बातमी. तुला चकित करायचं म्हणून दडवून ठेवली होती. इथल्या मोठ्या रुग्णालयात संधिवातावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. सत्तरीच्या पुढचे रुग्ण हवे होते. आम्ही चौकशीला गेलो, तर तिथल्या तरुण डॉक्टरने माहितीपत्रक पुढे ठेवलं आणि त्यात खाली बारीक अक्षरात तुझं नाव! मी म्हटलं, "ही माझी धाकटी बहीण." तो खुर्चीतून उठलाच. "काय सांगता! सगळं औषध त्यांच्याच कामावर उभं आहे!" मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. आई-बाबा असते तर!

हे आधी का कू करत होते. तुला माहीतच आहे, जन्मभर सुतारकाम केलं, पण सुई बघितली की अंग चोरतात. तुझं नाव बघितलं आणि मुकाट सही केली. "मेव्हणीवर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा," म्हणाले. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन आहे. पहिलं झालंसुद्धा.

आता तरी रुसवा सोड.

तुझी,
ताई


१ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं तशी फोनवर धावले. भावोजींनी उचलला. मी सांगतेय तर ते हसताहेत. "काय गं मिरचे, स्वतःचंच औषध स्वतःच थांबवायला सांगतेस? लाजतेस की काय?" आणि ठेवून दिला. नंतर केले ते तू उचलले नाहीस. म्हणून हे पत्र, आणि तुला हात जोडून विनंती, ते शेवटपर्यंत वाच.

ते औषध म्हणजे तेच प्रथिन आहे. तेच, जे मी म्हाताऱ्या उंदरांना दिलं होतं. चाचणीला त्यांनी सत्तरीच्या पुढचे रुग्ण घेतलेत आणि आधार म्हणून माझा निबंध दिलाय. माझा! ज्या निबंधात मी कंठशोष करून सांगितलंय की म्हाताऱ्यांना हे देऊ नका, त्याच निबंधाच्या जोरावर म्हाताऱ्यांना देताहेत. आणि माझ्या नावावर विश्वास ठेवून भावोजींनी बाही वर केली. हे वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून राहिले.

दुसरं इंजेक्शन घेऊ नका. बोटं बरी वाटतील, त्याला भुलू नका. बरं वाटणं हेच त्याचं पहिलं लक्षण आहे. सर्दी, खोकला, बारीक ताप, काहीही दिसलं तर त्याच दिवशी फुप्फुसं तपासून घ्या आणि मला कळवा.

मिरची


१६ फेब्रुवारी

चि. मिरची,

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला, तो लपवत नाही.

परवा ह्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. गेली चार वर्षं ती मी लावतेय. काल तर कपाटाचं घासणारं दार उतरवून त्याला रंधा मारला. सगळ्या खोलीत भुसा झाला आणि मी एक अक्षर बोलले नाही, नुसती बघत उभी राहिले. दार आता बोटाने ढकललं तरी लागतं. शेजारच्यांना बोलावून दोनदा लावून दाखवलं. अशा माणसाला मी काय सांगू, की बरं वाटतंय ना, मग थांबवा?

तरी तुझ्या शब्दाखातर डॉक्टरला विचारलं. तो चांगला मुलगा आहे, नीट बोलला. म्हणाला, "जगभरच्या हजार अभ्यासकांनी ह्याला मान्यता दिली आहे. मोठी माणसं स्वतःच्या कामाबद्दल फार कडक असतात." मला पटलं ते. तू स्वतःला कधी बरं म्हटलंयस? तुझ्या हातचं काहीही कोणी वाखाणलं की तू त्यात खोट काढतेस. ह्या वेळी निदान ह्यांच्या बोटांवर दया कर.

दुसरं इंजेक्शन झालं. किरकोळ खोकला आहे, पण तो हवा बदलली की होतोच. त्यावरून लगेच फोन करू नकोस.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

"किरकोळ खोकला" हे दोन शब्द तू पत्राच्या तळाशी, अगदी जाता जाता लिहिलेस. मी ते कितीदा वाचले ते विचारू नकोस. किती दिवसांचा आहे? खरं सांग.

मी इकडे काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुझ्या बहिणीने नुसता आरडाओरडा केला नाही हे कळेल.

बृहस्पतींना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: आढाव्यात जागा कमी असते, वाचकाने मूळ निबंध बघणे अपेक्षित आहे. मूळ निबंध! ह्यांनी दिलेल्या पानावर जाऊन माशांची बुरशी बघायची का?

ज्या नियतकालिकात निबंध आला होता त्यांना लिहिलं, की माझ्या निबंधाचा चुकीचा अर्थ लावला जातोय असं निवेदन छापा. संपादक म्हणतात, त्यात नवीन माहिती काहीच नाही. बरोबर आहे, नवीन कुठून असणार! अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच छापलीय.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला लिहिलं. तिथून सर्वांत सुंदर उत्तर आलं. माझ्या हरकतीची नोंद घेतली आहे, मात्र ह्या औषधाचा मुख्य आधार माझाच निबंध असल्याचं त्यांनी माझ्या निदर्शनास आणून दिलंय. ताई, माझ्याविरुद्ध मलाच साक्षीला उभं केलंय त्यांनी! मी जिवंत आहे, बोलतेय, हात हलवतेय, आणि माझ्यापेक्षा माझ्या नावावर ह्यांचा जास्त विश्वास आहे.

आणि सत्कार. गेले मी, तुझ्या म्हणण्याप्रमाणे चांगले कपडे घालून. मनाशी ठरवलं होतं. आभाराच्या भाषणात निबंधाचा खालचा अर्धा भाग वाचला. वाक्य न् वाक्य. किती उंदीर मेले, कशाने मेले, त्यांच्या फुप्फुसांत काय सापडलं. मला वाटलं, कोणीतरी उठेल, कोणीतरी चिडेल, निदान संचालक माइक काढून घेतील. कोणी काही केलं नाही. पहिल्या रांगेतले दोघे घड्याळ बघत होते. मी थांबले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एक प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, "काय साधेपणा आहे तुमच्यात!" मला त्या माणसाच्या हातातली बशी भिरकावून द्यावीशी वाटली.

आता राहिलीस तू. सोबत निबंध पाठवतेय. खालच्या अर्ध्या भागाचं मी तुझ्यासाठी साधं मराठी करून समासात लिहिलंय. तू जन्मभर शाळेत मुलांकडून धडे वाचून घेतलेस. हा एक धडा माझ्यासाठी वाच.

मिरची


२४ मार्च

मिरची,

रुग्णालयातून लिहितेय. फोनवर नुसती रडले, धड काही सांगता आलं नाही.

खोकला पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्यातच सुरू झाला होता. तुला कळवला तेव्हा चांगला जुना झाला होता. तू म्हणालीस तेच निघालं असतं, म्हणून मी तो किरकोळ करून टाकला. ह्यांनी बजावलं होतं, मिरचीला सांगू नकोस, ती बोटं परत वाकडी करायला लावेल. तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी ह्यांना अंथरुणातून उठवेना. मग चौथ्याच्याही. आम्हाला वाटलं थकवा आहे, पुढच्या वेळी जाऊ. मग एके दिवशी ओठ निळे दिसायला लागले. दोन्ही फुप्फुसं भरलीत. नळी घातली आहे.

तुझा निबंध इथे बाकावर बसून वाचला. समासातलं सगळं वाचलं. एक विचारू? तुझे ते म्हातारे उंदीर आजारी दिसायच्या आधी, खाणंपिणं ठीक असताना, नुसते एका कोपऱ्यात तोंड करून बसून राहायचे का गं? हे तसे बसायचे. मला वाटायचं दमलेत.

ताई


२६ मार्च

ताई,

हो. तसेच बसायचे. माझी मदतनीस मुलगी त्यांना हाताने उचलून खाण्याजवळ ठेवायची आणि ते परत कोपऱ्यात जायचे.

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तू विचारलास, तोही त्या बाकावर बसून. 

खोकला लपवलास म्हणून तुझ्यावर चिडू का? चिडणार नाही. माझा सगळा राग दुसरीकडे लागतोय. तू एका डॉक्टरवर विश्वास ठेवलास, त्याने माहितीपत्रकावर ठेवला, माहितीपत्रकाने बृहस्पतींवर. प्रत्येकाने आपल्या आधीच्याकडे बोट दाखवलं आणि शेवटी बोट माझ्याकडे आलं. त्यात कोणीही पान उलटलं नाही.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांसाठी सोबत वेगळा कागद आहे. कोणतं औषध घेतलंय, त्याने शरीरात काय बंद पडतं, कुठले जंतू शोधायचे, सगळं लिहिलंय. हा त्यांच्या हातात दे आणि समोर उभी राहून वाचायला लाव. चाचणीवाल्यांनाही सांग, की हा आजार त्यांच्या निष्कर्षात आला पाहिजे. नाहीतर उद्या माझ्या नावावर आणखी हजार हवाले चढतील आणि प्रत्येकामागे एक कोपऱ्यात बसलेला माणूस असेल.

मी शनिवारी पोचते.

मिरची


१९ एप्रिल

मिरची,

तू गेल्यापासून घर शांत आहे. हे आता पलंगापासून खिडकीपर्यंत जातात, तिथे दम घेतात आणि परत येतात. जिना नाही जमायचा, असं डॉक्टर म्हणाले. बोटंही पहिल्यासारखी झाली. बटणं मी लावते. काल मला म्हणाले, "मिरचीला म्हणावं, बरोबर होतीस." एवढं बोलायलाही दोनदा थांबले.

तू सांगितल्याप्रमाणे चाचणीच्या कार्यालयात गेले. तोच तरुण डॉक्टर. आता खुर्चीतून उठला नाही. मी म्हटलं, ह्यांचा आजार तुमच्याकडे नोंदला का? तो म्हणाला, "काकू, ते चाचणीत नाहीत. ठरलेल्या दिवशी इंजेक्शनला आले नाहीत. न आलेल्या रुग्णाला आम्ही स्वखुशीने बाहेर पडलेला धरतो. त्यानंतर काय झालं ते आमच्यात येत नाही."

मी म्हटलं, "अहो, उठता येत नव्हतं म्हणून आले नाहीत!"

"ते खरं असेल. पण पद्धत तशी आहे."

मिरची, तू मला जन्मभर ओळखतेस. मी दुकानदाराशीही घासाघीस करत नाही. तुला मी किती वेळा म्हटलं असेन, जाऊ दे, सोडून दे, आवाज खाली कर. त्या दिवशी माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, हजार लोकांनी घेतलेलं बहिणीचं नाव दाखवून माझ्या नवऱ्याला आत घेतलंत, आणि तो पडला तर बाहेर गेला म्हणता? ज्याला बरं वाटतं तो तुमचा आणि ज्याला उठवत नाही तो स्वखुशीने गेला? मग तुमचं औषध चांगलं ठरणार नाही तर काय होणार! आजूबाजूची माणसं दारात जमली. कोणीतरी मला पाणी दिलं, ते मी प्यायले नाही.

बाहेर बाकावर येऊन बसले तर शेजारी एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. म्हणाल्या, "तुमचं सगळं ऐकू आलं. आमचेही स्वखुशीनेच बाहेर पडलेत म्हणे." मी विचारलं, आता कसे आहेत? त्या म्हणाल्या, "इंजेक्शनची तारीख होती, त्याच्या आदल्या दिवशी गेले. मी हेच सांगायला येते. ते म्हणतात, आले नाहीत."

 पिशवीत तुझा निबंध होता. त्यांनी विचारलं, ते काय आहे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचा. मग मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून, खालचा अर्धा भाग त्यांना वाचून दाखवला. तुझं समासातलं मराठी, शब्द न् शब्द.  संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे कधीचं आहे?"

मी म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी छापलंय."

"हजार लोकांनी नाव घेतलं म्हणालात ना मघाशी आत?"

"हो."

"मग आमच्या ह्यांना कोणी सांगितलं का नाही?"

त्या अजून माझ्याकडे बघताहेत असं वाटतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी परत जाणार आहोत, आणि त्यांनी असेच बाहेर पडलेले आणखी काही लोक शोधलेत, त्यांच्या बायकाही येणार आहेत. मिरची, तू ये. मी घसा फुटेपर्यंत ओरडेन, पण त्या बाईंना उत्तर तूच द्यायला हवंस.

ताई